घरच्या स्मार्ट आरशात सेन्सर लपवताना : सोलापुरातल्या तीन महिन्यांच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

आरसा भिंतीवर लागून आज पंधरा दिवस झाले. जुन्या लॅपटॉपचा १५.६ इंची पडदा, त्याला एचडीएमआय देणारं कंट्रोलर कार्ड, मागे सेकंडहँड रास्पबेरी पाय ३ बी (हा छोटा संगणक, यापुढे नुसता 'पाय'), पुढे ५ मिमीची रिफ्लेक्टिव्ह काच (समोरून आरसा, पण मागच्या पडद्याचा उजेड तिच्यातून दिसतो) आणि भोवती सागवानाची चौकट. आरशावर माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर मॅजिकमिरर, ते फुकट मिळतं. वेळ, वार, तिथी, तापमान आणि खाली आईच्या गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरांत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला डब्यावरची बारीक अक्षरं लागत नाहीत. ती रोज वेणी घालायला या भिंतीशी उभी राहते, म्हणून यादी इथेच हवी होती.

अडचण एकच आहे. पडदा चोवीस तास चालू राहतो. प्लगमध्ये मीटर लावून बघितलं तर सगळं मिळून २३ वॅट, म्हणजे महिन्याला साडेसोळा युनिट. त्याहून वाईट म्हणजे आई याच खोलीत झोपते आणि रात्रभर तिच्या तोंडावर उजेड पडतो. माणूस समोर आला की पडदा लागावा आणि गेला की विझावा, असं करायचं ठरवलं.

आईची अट आहे. "आरसा हाय तो. त्याच्यावर डोळा बसवू नको." म्हणजे सेन्सर दिसता कामा नये. काम एका रविवारचं धरलंय. या नोंदी ठेवतोय त्या पुढे कुणी हेच करायला घेतलं तर त्याचे पैसे वाचावेत म्हणून.

१० मार्च, सोमवार, रात्री

कामावरून येताना नव्या पेठेतून एचसी-एसआर५०१ आणला, ९० रुपये. पांढरा घुमट असलेला पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून माणसाची हालचाल ओळखणारा. मागे दोन पेच असतात, एक पल्ल्याचा आणि एक वेळेचा. ५ व्होल्ट, ग्राउंड आणि आउटची तार पायच्या जीपीआयओ ४ या पिनला. आउटवर ३.३ व्होल्टच येतात, त्यामुळे पायला धोका नाही. चालू केल्यावर पहिला मिनिटभर तो वाटेल तसे इशारे देतो, तेवढं थांबायचं. टेबलावर एकदम झकास चालला. चार मीटरवरून चालत आलो तरी पकडलं.

काचेमागे लावला आणि मेला. समोर नाचलो, काचेला हात लावला, तरी काही नाही. तारा बदलल्या, एक जोड परत डाग देऊन घेतला, दुसरी पिन वापरून बघितली. दोन तास गेले. शेवटी काच काढून ठेवली, तर लगेच चालू.

चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती कुणाचीही होईल. काच विकत घेताना मी दुकानात एक चाचणी केली होती. टीव्हीचा रिमोट काचेमागे धरला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. रिमोटचा जांभळट ठिपका काचेतून स्वच्छ दिसला. इन्फ्रारेड आरपार जातंय, मग सेन्सर चालणार, असं मी धरून चाललो. पण रिमोटचा उजेड ९४० नॅनोमीटरचा असतो. अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरी १० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे दहापट लांब. काच साधारण ५ मायक्रॉनच्या पुढचं काही जाऊ देत नाही. कपाटाची साधी काच पुढे धरून पाहिली, तीच गत. जुन्या फोटोफ्रेमचं अ‍ॅक्रिलिक धरलं, तेही तसंच. रिमोटची चाचणी पीआयआरच्या कामाची नाही.

१६ मार्च, रविवार

काचेला भोक पाडून सेन्सर तिथे बसवायचा विचार केला. खालच्या कोपऱ्यात १० मिमीचं भोक पुरेल असं वाटलं. काचवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "कडेपासून लांब घ्या, नाहीतर जाईल." पण लांब घेतलं की भोक पडद्याच्या हद्दीत येतं, म्हणून मी कडेपासून १२ मिमीवर आग्रहाने पाडून घेतलं. घरी येईपर्यंत नीट होती. चौकटीचा शेवटचा स्क्रू आवळला तसा कोपऱ्यातून बारीक आवाज आला आणि भोकापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली. बोट फिरवलं तर नखाला लागली.

नवी काच कापून आणली, ६५० रुपये. काचवाल्याचं ऐकायला हवं होतं. आणि ती काच टिकली असती तरी फायदा नव्हता, कारण घुमट काढल्याशिवाय हा सेन्सर १० मिमीच्या भोकात मावत नाही.

२३ मार्च, रविवार

सेन्सर काचेमागे नको, चौकटीत हवा, हे आता पक्कं झालं. प्रश्न राहिला झाकायचं कशाने याचा. दुपारभर घरातल्या वस्तू सेन्सरपुढे एकेक धरून बघितल्या. सुती रुमाल चालला नाही. टॉवेलचा तुकडा तर नाहीच. प्लॅस्टिकच्या डब्याचं जाड झाकण बंद. जाड पुठ्ठा बंद. दुधाची पिशवी मात्र चालली! धुऊन, कापून, एक पदर ताणून धरला तर सेन्सरला जणू समोर काही नाहीच. पिशवी पॉलिथिनची असते आणि सेन्सरचा घुमटही पॉलिथिनचाच, त्यामुळे उष्णता तिच्यातून जाते. छपाई नसलेला भाग घ्या आणि दोन पदर करू नका.

लगेच हाव सुटली. घुमट काढून टाकला आणि उघड्या सेन्सरवर नुसती पिशवी चिकटवली, म्हणजे पुढचा भाग सपाट होईल. चालतो, पण हातभर अंतरापर्यंतच. घुमट हे नुसतं झाकण नाही, त्यावरची खाचाखाचांची नक्षी हेच भिंग आहे. ते काढलं की पल्लाही जातो.

शेवटी चौकटीच्या खालच्या पट्टीला आतून २४ मिमीची खोबण केली. घुमट २३ चा आहे. सेन्सर तोंड खाली आणि थोडा पुढे कलता बसवला, वरून पिशवीचा तुकडा. उभ्या माणसाला तो दिसत नाही. त्याला मात्र माणसाचे पाय दिसतात. पटाशी धरून सागवानात गोल खोबण करायला तीन तास लागले. ज्याच्याकडे होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) असेल त्याचं दहा मिनिटांत होईल.

२६ मार्च, बुधवार

संध्याकाळ पडदा बंद करण्यात गेली. जुन्या लेखांतून सापडणारी आज्ञा पायवर दिली तर काही चूक दाखवत नाही आणि पडदाही बंद करत नाही. मी पायची बुकवर्म ही त्या लेखांनंतरची सिस्टिम टाकली आहे. तीत पडद्याचं काम वेलँड नावाच्या वेगळ्या भागाकडे गेलंय, म्हणून तिथली वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली आणि झालं. सेन्सरमध्ये दोष शोधायच्या आधी ही पडद्याची बाजू हाताने तपासून घ्या. मी तासभर सेन्सरलाच दोष देत होतो.

सिग्नल गेल्यावर कंट्रोलर कार्ड दहा सेकंद निळी चौकट दाखवतं, मग काळं होतं. कार्डाच्या मेनूत ती बंद करायची सोय सापडली नाही. तशीच ठेवलीय.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली आणि आरसा पूर्ण जोडून भिंतीवर लावला. आई वेणी घालायला आली, पडदा लागला. ती देवघरात गेली, पाऊण मिनिटाने विझला. तिने चौकटीवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघितला. "कुठं ठेवलास रे?" सापडलं नाही तिला. काम झालं असं समजून मी हत्यारं पेटीत भरली.

८ एप्रिल, मंगळवार

झालेलं नाही. दोन दिवस दुपारी आई म्हणतीय की आरसा लागत नाही. मी कामावर असतो, संध्याकाळी येऊन बघतो तर नीट चालतोय. आज अर्धी सुट्टी टाकून दोन वाजता घरी आलो. समोर उभा राहिलो, वाकलो, हात हलवले. पाचातून एकदा लागला.

खोलीतलं थर्मामीटर ३७ दाखवत होतं. वर पत्रा आहे, भिंत हाताला गरम लागते, फरशीही कोमट. पीआयआरला माणूस कळतो तो माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातल्या फरकावर. कातडी साधारण ३४-३५ अंशांवर असते. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी भिंत, फरशी आणि माणूस एका पातळीवर येतात, मग सेन्सरला दिसणार काय! भिंतीवर ओला टॉवेल मारून तो भाग गार केला आणि समोर पाय हलवला, तर लगेच पकडलं. त्यावरून खात्री झाली. पल्ल्याचा पेच पूर्ण फिरवून बघितला, तर दारातून फरशीवर पडणारा उन्हाचा पट्टा सरकला तरी पडदा लागायला लागला. पेच परत मागे आणला.

थंड प्रदेशातल्या लोकांनी लिहिलेल्या कृतींमध्ये या अडचणीचा उल्लेख नसतो, कारण त्यांना ती येतच नाही. सोलापूर, मराठवाडा, विदर्भात जो कुणी पीआयआर लावेल त्याने तो मे महिन्याच्या दुपारचा विचार करून लावावा. बाथरूम किंवा एसीच्या खोलीत चालेल. पत्र्याच्या घरात नाही.

१३ एप्रिल, रविवार

उष्णतेवर न चालणारा सेन्सर म्हणून आरसीडब्ल्यूएल-०५१६ आणले, १२० चा एक असे दोन. हा छोटा रडार आहे, ३ गिगाहर्ट्झच्या वर चालतो. हलणाऱ्या वस्तूवरून लहर परत आली की इशारा देतो. लाकूड आणि प्लॅस्टिक यांच्या आरपार बघतो, म्हणजे भोकच नको.

पहिला पाच मिनिटांत गेला. त्याच्यावर ३ व्ही ३ लिहिलेली पिन आहे. मी ती वीज द्यायची पिन समजलो आणि तिच्यावर ५ व्होल्ट दिले. ती पिन आतून बाहेर वीज देण्यासाठी आहे. वीज द्यायची ती व्हीआयएन लिहिलेल्या पिनवर, ४ व्होल्टच्या पुढे. जळका वास आला आणि १२० रुपये गेले.

दुसरा नीट जोडला. आधी मोहाने काचेमागेच लावला. टेबलावर पाच मीटर बघणारा हा काचेमागे वीतभरसुद्धा बघेना. रिफ्लेक्टिव्ह काचेवरचा लेप धातूचा असतो आणि धातूतून ही लहर जात नाही. म्हणजे उष्णतेला काच आडवी आली, लहरीला काचेवरचा लेप. काचेमागचा नाद इथे सुटला.

१४ एप्रिल, सोमवार, सुट्टी

रडार खालच्या पट्टीत, आतून. पुढे सागवानाची ४ मिमी जाडी ठेवली. दिसणं पूर्ण बंद. पण आता पडदा विझतच नाही.

एकेक कारण काढत गेलो. पहिलं, पायचं वायफाय. सेन्सर पायपासून पाच सेंटिमीटरवर होता आणि कुणी नसताना सारखे इशारे देत होता. ३० सेंटिमीटर लांब नेला, पाय डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि सेन्सर उजव्या खालच्या. बराच फरक पडला. दुसरं, छताचा पंखा. पंखा बंद केला की शांत, तीनवर ठेवला की चालू. सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवून आरसा चालवणं कोण सहन करणार?

सेन्सरच्या मागे रेझिस्टर जोडायची मोकळी जागा असते. तिथे २७० किलोओहम लावला की पल्ला दीड मीटरच्या आसपास येतो. लावला. पंखा बहुतेक सुटला. रात्री मात्र पडदा लागतच होता.

२० एप्रिल, रविवार

हा आठवडा एका गोष्टीच्या शोधात गेला आणि ती सापडल्याचं समाधान मोठं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पायवर प्रत्येक इशाऱ्याची वेळ फाइलमध्ये लिहायला लावली. सोमवारी रात्री बारा ते पाच, घरात सगळे झोपलेले, पंखा एकवर, तरी १४० नोंदी. मंगळवारीही तेवढ्याच. मांजर येत असेल म्हणून दार बंद केलं. खोलीतला कापडी पडदा हलत असेल म्हणून तो बांधून ठेवला. नोंदी तेवढ्याच.

शुक्रवारी रात्री आकडा आला ६. मी काहीच बदललं नव्हतं. शनिवारी दिवसाही कमी. तेव्हा लक्षात आलं की दोन दिवस झोप नेहमीपेक्षा शांत लागली होती. शेजारच्या अण्णांचे माग बंद होते.

आमची भिंत त्यांची आणि आमची सामाईक आहे. पलीकडे त्यांचे चार यंत्रमाग चालतात, टॉवेलचे, रात्रपाळीसकट. लहानपणापासून त्या खडखडाटात झोपायची सवय, त्यामुळे तो आवाज कानाला लागतच नाही. सेन्सरला लागला. आरसा त्याच भिंतीवर आहे, आणि हा रडार पुढे जेवढा बघतो तेवढा नसला तरी मागेही बघतो. भिंतीपलीकडे धोटा इकडून तिकडे जातोय, फणी मागेपुढे होतीय, ती हालचाल त्याला दिसत होती.

अण्णांकडे गेलो. म्हणालो, "अण्णा, आज माग कधी सुरू करणार?" त्यांनी विचारलं, त्रास होतो का. मी सगळं सांगितलं तर ते हात पुसत घरी आले आणि आरसा बघितला. मग स्वतःच म्हणाले, मी एकेक माग सुरू करतो, तू आकडे बघ. पहिला माग, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा सुरू केला तशी नोंदींची रांग लागली. तो भिंतीला सगळ्यात जवळचा. पाऊण तास त्यांनी माझ्यासाठी माग चालू-बंद केले. रात्रपाळीचा माणूस ताटकळत होता, तरी.

उपाय म्हणून सेन्सरच्या मागे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून लावला, सेन्सरपासून दीड सेंटिमीटर लांब. पत्रा चिकटून लावला तर सेन्सरच बिघडतो, सेंटिमीटरभर तरी मोकळी जागा हवी. रात्रीच्या नोंदी १४० वरून ३५ वर आल्या.

२४ एप्रिल, गुरुवार

३५ म्हणजे रात्रीतून ३५ वेळा आईच्या तोंडावर उजेड. पुरेसं नाही. आणि नवी तक्रार आली. आई गोळ्यांची यादी वाचताना स्थिर उभी असते, वाचून होण्याआधी पडदा विझतो. हा सेन्सर दोन-तीन सेकंदांत इशारा सोडून देतो, पुढची वेळ मी प्रोग्राममध्ये ४५ सेकंद धरली होती. ९० केली. पण ती दर वेळी हात हलवून बघते, ते मला बरं वाटलं नाही.

या सेन्सरला हालचाल कळते, अंतर कळत नाही. त्याच्याकडून याहून जास्त होणार नाही.

२७ एप्रिल, रविवार

एलडी२४१० सी मागवला, ३९० रुपये. २४ गिगाहर्ट्झचा रडार, अंगठ्याएवढा. याला अंतर कळतं. समोरची जागा तो पाऊण पाऊण मीटरच्या कप्प्यांत वाटतो, आणि कोणत्या कप्प्यापर्यंत बघायचं ते आपण ठरवायचं. स्थिर उभ्या माणसाचा श्वासही त्याला कळतो. ५ व्होल्टवर चालतो, आउट ३.३ चं. 'सी' प्रकारच घ्या. त्याच्या पिनांमधलं अंतर नेहमीच्या २.५४ मिमीचं आहे, त्यामुळे साध्या जंपर तारा बसतात, आणि ब्लूटूथवरून मोबाइलमध्ये सगळं सेट करता येतं.

मोबाइलवर प्रत्येक कप्प्याची ताकद आकड्यात दिसते, ० ते १००. स्टुलावर बसून तासभर तेच बघत होतो. पंखा सुरू केला की दीड मीटरच्या पुढचा कप्पा वर चढतो, बंद केला की हळूहळू खाली बसतो. आई आत आली की आधी लांबचा कप्पा, मग मधला, मग जवळचा. ती थांबली तरी जवळचा आकडा पडत नाही, थोडा खालीवर होत राहतो. तो तिचा श्वास होता. आईला दाखवलं. तिने श्वास रोखून बघितला आणि आकडा खाली आला तशी हसली.

दीड मीटरच्या पुढचे कप्पे बंद केले. आरशापासून पंखा तिरका २.१ मीटरवर आहे, तो सुटला. दोन आठवडे जी गोष्ट रेझिस्टर, पत्रा आणि वेळ बदलून जमली नाही ती मोबाइलवर एक आकडा बदलून जमली. हाच सेन्सर आधी घेतला असता तर ३९० मध्ये काम झालं असतं. आतापर्यंत पीआयआर ९०, आरसीडब्ल्यूएल दोन मिळून २४०, काच ६५०, म्हणजे ९८० रुपये या रस्त्यावर गेले आणि सात रविवार.

४ मे, रविवार

माग सुरू असताना जवळच्या कप्प्यात समोर कुणी नसताना ३०-४० चा आकडा. या वेळी पलीकडचा माग त्याला दिसत नव्हता, पत्रा मागे होताच. चौकटीला बोट लावलं तर बोटाला थरथर लागली. माग चालले की भिंत हलते, भिंतीबरोबर आरसा, आरशाबरोबर सेन्सर. सेन्सरच हलतोय म्हटल्यावर त्याला समोरचं स्थिर कपाटही हलताना दिसणार.

आरसा भिंतीपासून सुटा करायला हवा होता. टॉवेलच्या चार घड्या चारी कोपऱ्यांत लावल्या. दोन दिवस चांगलं, मग घड्या दबून चपट्या झाल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, तीन-तीन पदर, त्याने काम केलं. लटकवायच्या खिळ्यावरही ट्यूबचा तुकडा गुंडाळला, तो विसरू नका, कारण अर्धी थरथर खिळ्यातून येत होती. आकडा १० च्या खाली आला. जवळच्या कप्प्याची मर्यादा ६० केली.

६ मे, मंगळवार

बायकोने चौकटीला चारी बाजूंनी सोनेरी पट्टी लावली, दिसतेही छान. संध्याकाळी आरसा पुन्हा आंधळा. ती चकाकी धातूची असते. खालच्या पट्टीवरची दहा सेंटिमीटर काढली तर चालू. पण मधेच तुटलेली पट्टी वाईट दिसते, म्हणून तिने खालची अख्खी बाजू काढून टाकली आणि तीनच बाजूंना ठेवली. आता मुद्दाम तसं केल्यासारखं वाटतं.

११ मे, रविवार

आठवडाभराच्या नोंदी तपासल्या. रात्री बारा ते पाच, माग चालू, पंखा चालू. सोमवार ३, मंगळवार ३, बुधवार ४, गुरुवार ३. खोट्या असतील म्हणून वेळा बघितल्या. रोज पाऊण वाजता, पावणेतीनला, सव्वाचारच्या आसपास. दर वेळी मिनिट-दोन मिनिटं.

त्या खोट्या नव्हत्या. आई उठत होती. सकाळी विचारलं तर म्हणाली, पायाला गोळे येतात, उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं, तुला कशाला सांगायचं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी एक गोळी बदलून दिली.

पण त्यानंतर मी ती फाइल पुसली आणि नोंदी लिहिणारा भाग प्रोग्राममधून काढून टाकला. सेन्सर तपासण्यासाठी तो लावला होता, ते काम संपलं होतं. आईने डोळा नको म्हणून सांगितलं होतं आणि मी तिच्या रात्रीच्या वेळा लिहून ठेवत होतो, तिला न सांगता. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आता नाही ना लिहीत? मग झालं." तुम्ही घरात असं काही बसवत असाल तर नोंदी किती दिवस ठेवणार ते घरच्यांना आधी सांगा.

१८ मे, रविवार

दुपारी दोनला थर्मामीटरवर ३९. आरसा दर वेळी लागला. पाय मात्र तापतोय. ८० अंशांच्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करतो आणि कोपऱ्यात थर्मामीटरचं चिन्ह येतं. चौकटीच्या वरच्या पट्टीला मागून आठ भोकं आणि खालच्या पट्टीला सहा पाडली, हवा खालून वर जाते. ७१ वर आला. छोटा पंखा लावणार होतो, पण सेन्सरच्या इतक्या जवळ फिरणारी पाती नकोत.

१ जून, रविवार

वळवाचे दोन पाऊस झाले. भिंती गार झाल्यावरही काही बदलावं लागलं नाही.

मीटर पुन्हा लावला. पाय आणि सेन्सर मिळून ४ वॅट सतत, पडदा दिवसाला दीड तास. महिन्याला पावणेचार युनिटच्या आसपास बसतं, आधी साडेसोळा होतं.

आता जे लावून ठेवलंय ते असं. सेन्सर उजव्या खालच्या कोपऱ्यात, आतून खोदलेल्या सागवानामागे, पुढे ४ मिमी लाकूड, तोंड किंचित वर. मागे दीड सेंटिमीटरवर पत्रा. दोन कप्पे, दीड मीटर. माणूस गेल्यावर २० सेकंदांनी पडदा बंद. रात्री दहा ते पाच पडद्याचा उजेड पाचव्या हिश्श्यावर, आणि गोळ्यांची यादी न दाखवता फक्त घड्याळ. हा शेवटचा बदल आईने सुचवला. रात्री उठल्यावर तिला किती वाजले एवढंच बघायचं असतं.

जुना पीआयआर अण्णांच्या जिन्यात लावून दिलाय, बल्बसाठी. तिथे वर स्लॅब आहे, जिना गार असतो, चांगला चालतो. पटाशीने केलेली २४ मिमीची खोबण अजून चौकटीच्या खाली रिकामी आहे. आई तिच्यात कंगवा अडकवते.